चार वर्षांच्या मुक्कामात नाटक कशाला पाहायचे?

पत्राचा सारांश : जोहान्सबर्गच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणाऱ्या वाचक भगिनीचे हे पत्र आहे. पतीच्या नोकरीच्या चार वर्षांच्या करारावर हे कुटुंब पुण्याहून तिथे गेले आणि त्यातील दोन वर्षे सरली आहेत. महाविद्यालयात असताना त्या एकांकिका करत, पुढेही नाटकाचे वेड टिकून राहिले. जोहान्सबर्गमध्ये मात्र शनिवार-रविवार मॉल, ओळखीच्या घरची जेवणे आणि मराठी मंडळाचे कार्यक्रम यांतच जातात. न्यूटाउन भागातील मार्केट थिएटरमध्ये नाटक पाहायला जाऊ, असे त्यांनी सुचवले तेव्हा ‘तिकडे संध्याकाळी कुणी जातं का?’ असे सगळ्यांनी बजावले. पतीला खेळांची आवड आहे, पण भारताचा सामना असेल तरच ते मैदानावर जातात. फुटबॉल आणि रग्बी ‘त्यांचे खेळ’ आहेत. नऊ वर्षांचा मुलगा शाळेत रग्बी खेळतो, त्याला स्प्रिंगबॉक, म्हणजे दक्षिण आफ्रिकेच्या राष्ट्रीय रग्बी संघाचा हिरवा जर्सी हवा आहे आणि भारत-दक्षिण आफ्रिका सामन्यात तो दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने ओरडला, म्हणून घरात अबोला झाला. मंडळातील एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, ‘आपल्या नाटकाला माणसं पुरत नाहीत आणि तुला त्यांची नाटकं बघायची आहेत.’ चारच वर्षांसाठी आलेल्या माणसाने हा हट्ट धरावा का, आणि धरला तर तो स्वार्थीपणा ठरेल का, असे त्या विचारतात.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात ‘चारच वर्षे’ हे शब्द इतक्या वेळा आले आहेत की, बाकीच्या सगळ्या अडचणी त्यांच्याच पोटात दडलेल्या असाव्यात, असे मला वाटते. चारच वर्षे आहेत म्हणून भाषा शिकायची नाही, रस्ते ओळखीचे करून घ्यायचे नाहीत, एखाद्या संघावर जीव लावायचा नाही; आणि मग हे काहीच ओळखीचे झालेले नाही म्हणून बाहेर पडायचे नाही. करार चार वर्षांचा असला, तरी तुमचा मुलगा तिथे गेला तेव्हा सात वर्षांचा होता आणि परतेल तेव्हा अकरा वर्षांचा असेल. त्याच्या लेखी हा मुक्काम नाही, ते त्याचे बालपण आहे. शिवाय करार वाढतात, हे नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या कुणालाही सांगावे लागत नाही. भरत नाट्य मंदिरात तिकीट काढताना ‘मी पुण्यात किती वर्षे राहणार’ असा विचार तुम्ही केला नव्हता. तो जोहान्सबर्गमध्येच का करावासा वाटतो, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

मी त्या शहरात काही वर्षे राहिले आहे, तेव्हा हे उंटावरून शेळ्या हाकणे नाही, एवढे गृहीत धरून पुढचे वाचा.

भीतीबद्दल आधी बोलू, कारण ती खोटी नाही. जोहान्सबर्गमध्ये गुन्हेगारी आहे आणि तिथल्या स्थानिक माणसांनाही रोज तिचा हिशेब ठेवूनच वावरावे लागते. पण ते ‘शहर धोकादायक आहे’ असे एका वाक्यात संपवत नाहीत. कोणता रस्ता, किती वाजता, कुणाबरोबर आणि कसल्या वाहनाने, असे प्रश्न विचारतात. तुम्हाला न्यूटाउनला जाऊ नका म्हणून सांगणाऱ्यांपैकी स्वतः तिथे कोण जाऊन आले आहे, हे एकदा नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा हा सल्ला आधीच्या बदलीवर आलेल्या कुटुंबाकडून पुढच्या कुटुंबाला मिळालेला असतो आणि त्याचा उगम कुणालाच सांगता येत नाही. मी स्वतः जे पाळत असे ते सांगते. पहिले काही प्रयोग रविवारी दुपारचे पाहावेत. नाटक संपते तेव्हा उजेड असतो. नाट्यगृहाच्या अगदी दारापर्यंत ॲपवरची टॅक्सी करावी किंवा राखण असलेल्या वाहनतळावरच गाडी लावावी, आणि प्रयोगाआधी वा नंतर आसपास पायी भटकण्याचा मोह टाळावा. फोन हातात धरून रस्त्यावर उभे राहू नये, टॅक्सी आत उभे राहूनच बोलवावी. पर्स गाडीच्या सीटवर ठेवू नये. रात्रीच्या प्रयोगानंतर गौट्रेन या शहरी रेल्वेवर भिस्त ठेवू नये, कारण तिच्या गाड्या लवकर बंद होतात. चारपाच जणांनी मिळून जाणे सर्वांत बरे. एवढे पाळूनही मन धजत नसेल, तर सँडटनच्या नेल्सन मंडेला चौकात ‘थिएटर ऑन द स्क्वेअर’ हे लहानसे नाट्यगृह आहे, त्यापासून सुरुवात करा. ज्या मॉलमध्ये तुम्ही दर शनिवारी जात असाल, कदाचित त्याच्याच आवारात ते आहे.

आता तुमच्या पत्रातल्या ‘त्यांच्या नाटकातलं आपल्याला काय कळणार?’ या वाक्याकडे येऊ. हे वाक्य तुमचे नसावे, दुसऱ्या कुणाचे तरी तुमच्या तोंडी बसले असावे. एकांकिका केलेल्या माणसाला ते शोभत नाही.

मार्केट थिएटर ज्या इमारतीत आहे, ती मूळची भारतीय फळबाजाराची इमारत. भारतीय व्यापारी तिथे फळे-भाजी विकत. बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम यांनी १९७६ मध्ये तिथे नाट्यगृह सुरू केले, तेव्हा सोवेटो या शहरालगतच्या कृष्णवर्णीय वस्तीतील विद्यार्थ्यांच्या १६ जूनच्या उठावाला काहीच दिवस झाले होते. वेगवेगळ्या वर्णांच्या नटांनी एका रंगमंचावर यावे आणि वेगवेगळ्या वर्णांच्या प्रेक्षकांनी शेजारी बसावे, याला कायद्याची आडकाठी असण्याचा तो काळ. या नाट्यगृहाने दोन्ही गोष्टी केल्या. आज तिथे तीन रंगमंच आहेत. त्यांतील मोठ्याला नट जॉन कानी यांचे नाव आहे आणि बाकीच्या दोघांना या दोन संस्थापकांचे.

याच नाट्यगृहात १९८१ मध्ये ‘वोझा अल्बर्ट’ हे नाटक उभे राहिले. पर्सी म्त्वा आणि म्बोंगेनी न्गेमा हे दोनच नट, दिग्दर्शक बार्नी सायमन. येशू ख्रिस्त पुन्हा अवतरला आणि तोही वर्णद्वेषी राजवटीच्या दक्षिण आफ्रिकेत, तर काय होईल, एवढीच कल्पना. नेपथ्य म्हणून चहाची दोन उपडी खोकी आणि जुने कपडे टांगायला एक फळी. गळ्यात दोऱ्याला पिंगपाँगचा अर्धा चेंडू, गुलाबी रंगवलेला. तो नाकावर चढवला की नट गोरा पोलीस किंवा गोरा मालक होतो, खाली ओढला की पुन्हा न्हावी, पुन्हा कैदी, पुन्हा वीटभट्टीवरचा मजूर. प्रकाशयोजनेला पैसे नसताना, विंगेत कपडे बदलायला वेळ नसताना, अंगाने आणि आवाजाने वीस माणसे उभी करायची, हे तुम्ही स्वतः केले आहे. एकांकिका स्पर्धेत घासून तयार झालेल्या डोळ्यांना तिथल्या प्रेक्षागृहात जे दिसेल, ते मुंबई-पुण्याच्या गुळगुळीत व्यावसायिक नाटकाच्या प्रेक्षकालाही कदाचित दिसणार नाही.

त्याहून आधीचे, १९७२ चे ‘सिझ्वे बान्झी इज डेड’. नाटककार अथोल फुगार्ड आणि नट जॉन कानी व विन्स्टन न्त्शोना या तिघांनी मिळून ते रचले आणि केप टाउनच्या स्पेस थिएटरमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. शहरात राहायचा शिक्का पासबुकात, म्हणजे कृष्णवर्णीयांना जवळ बाळगावे लागणाऱ्या ओळखपुस्तकात, नाही म्हणून ज्याला गावी हाकलले जाणार आहे, असा एक माणूस रस्त्यात मरून पडलेल्या दुसऱ्याचे पासबुक उचलतो आणि त्याबरोबर त्याचे नावही घेतो, ही त्याची गोष्ट. या नाटकासाठी आणि ‘द आयलंड’साठी कानी आणि न्त्शोना यांना १९७५ मध्ये टोनी पुरस्कार विभागून मिळाला. तुमच्या घरातील कपाटात पासपोर्ट, व्हिसा आणि करार एका फाइलमध्ये नीट लावून ठेवलेले असणार आणि त्यांच्या मुदतीच्या तारखा तुम्हाला तोंडपाठ असणार. कागदावरच्या शिक्क्याने माणसाचे राहणे-जाणे ठरते, हे तुम्हाला समजावून सांगावे लागणार नाही. तुमच्या वाट्याला त्याची सुखवस्तू बाजू आली आहे, इतकेच.

भाषेचे म्हणाल, तर संवाद बहुतांशी इंग्रजीत असतात आणि मधूनच पात्रे झुलूत किंवा सोथोत शिरतात. त्या वेळी प्रेक्षागृहात हशा पिकतो आणि आपण तेवढे मागे राहतो, हे खरे आहे. पण मालवणी नाटकांना पुण्यात हाउसफुल्लचा बोर्ड लागत असे, तेव्हा प्रत्येक प्रेक्षकाला प्रत्येक शब्द कळत होता, असे थोडेच आहे? मध्यंतरात किंवा प्रयोगानंतर शेजारच्या बाईंना विचारा, ‘ते काय म्हणाला हो?’ माझ्या तिथल्या निम्म्या ओळखी याच एका प्रश्नातून झाल्या. आणि तिथला प्रेक्षक मुका नसतो. पात्राला तोंडावर सुनावतो, च्च करतो, गाणे ओळखीचे निघाले की खुर्चीतूनच सूर धरतो. आपल्याकडे संगीत नाटकाला ‘वन्स मोअर’ घेणारे आजोबा ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात गैर वाटू नये.

एक सावधगिरी मात्र सांगते. ‘आफ्रिकेचे नाटक म्हणजे वर्णद्वेषाचे नाटक’ असा साचा घेऊन जाऊ नका. वर्णद्वेषी राजवट संपली त्या १९९४ ला आता तीन दशके उलटली आहेत आणि नवे लेखक घराच्या हप्त्यांवर, परागंदा बापांवर, लग्नातल्या लोबोलावर, म्हणजे मुलीकडच्यांना द्यायच्या पशुधनाच्या किंवा पैशांच्या वाटाघाटींवर, तितक्याच हिरिरीने लिहितात. सगळेच चांगले असते असे नाही. काही नाटके व्याख्यानासारखी असतात आणि मध्यंतरात उठून यावेसे वाटते. फोरवेजच्या मॉन्टेकसिनोत लागणारी मोठी संगीतिका पाहायलाही हरकत नाही, पण ती लंडनमध्येही तशीच दिसते. तिथून सुरुवात केलीत तर ‘पाहिले इथले नाटक’ म्हणून मोकळे व्हाल, म्हणून मी तो सल्ला देणार नाही. त्यापेक्षा मार्केट थिएटर लॅबोरेटरीतील विद्यार्थ्यांचे प्रयोग शोधा. ही नाट्यशाळा सायमन आणि कानी यांनी १९८९ मध्ये काढली. तिथे वीसबावीस वर्षांची मुले घाम गाळून जे करतात, त्यात तुम्हाला तुमची जुनी तालीम दिसेल.

मंडळाच्या ज्येष्ठ बाईंच्या बोलण्यात आणखी एक गृहीत दडलेले आहे : ‘आपले’ म्हणजे नुकतेच भारतातून आलेले, आणि बाकी सगळे ‘ते’. पण भारतीय मजुरांचे पहिले जहाज डर्बनला १६ नोव्हेंबर १८६० रोजी लागले. त्यांच्या वंशजांनी त्या देशात स्वतःची रंगभूमी घडवली आहे. रॉनी गोवेंदर यांचे ‘द लाह्नीज प्लेझर’ हे नाटक नाताळ प्रांताच्या किनाऱ्यावरील माउंट एजकम या उसाच्या गावातील दारूच्या गुत्त्यात घडते आणि त्यातली इंग्रजी ही डर्बनच्या भारतीय वस्तीची इंग्रजी आहे. डर्बनच्या केटो मॅनर वस्तीतून उठवल्या गेलेल्या कुटुंबांच्या गोष्टीही त्यांनी रंगमंचावर आणल्या. लेनेशिया ही भारतीय वंशाच्या लोकांची वस्ती तुमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर असेल. मंडळातील किती जणांचे तिथल्या एखाद्या घरी जाणे-येणे आहे? हा प्रश्न टोचायला विचारलेला नाही. नोकरीवर आलेल्या भारतीयांची आणि तिथल्या भारतीयांची वस्ती, वर्तुळे, देवळेसुद्धा वेगळी राहतात, हे मी पाहिले आहे आणि त्याला एकट्या मंडळाचा दोष नाही. पण त्यांना ‘आपले’ म्हणायचे की ‘ते’, हे ठरवताना बाईंची थोडी पंचाईत होईल.

आता तुमच्या घरातला अबोला. यजमानांना वाटते की, खेळ पाहायचा तर बाजू घ्यावी लागते आणि आपली बाजू जन्माने ठरलेली आहे. त्या देशात मात्र बाजू घेणे कधीच इतके सरळ नव्हते. रॉबेन बेटावरचे राजकीय कैदी रग्बीत स्वदेशाच्या संघाविरुद्ध, पाहुण्यांच्या बाजूने असत, हे मंडेलांनी स्वतः सांगितले आहे. आणि त्याच मंडेलांनी १९९५ मध्ये कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा ६ क्रमांकाचा हिरवा जर्सी अंगात घालून एलिस पार्कवर विश्वचषक त्याच्या हाती दिला. तुमचा मुलगा जो जर्सी मागतो आहे, तो हाच. २०१८ पासून त्या संघाचे नेतृत्व सिया कोलिसी या पहिल्या कृष्णवर्णीय कर्णधाराकडे आले आणि २०१९ व २०२३ असे सलग दोन विश्वचषक त्याने जिंकून दिले. शाळेतली सगळी मुले ज्याला देव मानतात, त्याला नऊ वर्षांच्या मुलाने परका मानावे, ही अपेक्षा जरा जास्तच होते.

यजमानांना क्रिकेटच्याच भाषेत सांगायचे, तर नोव्हेंबर १९९२ मधील डर्बनच्या कसोटीपासून सुरुवात करा. वर्णद्वेषामुळे आलेल्या दीर्घ बहिष्कारानंतर दक्षिण आफ्रिकेच्या भूमीवर झालेली ती पहिली कसोटी आणि पाहुणा संघ आपला होता. आचरेकर सरांच्या तालमीतला प्रवीण आमरे पहिलीच कसोटी खेळत होता आणि त्याने १०३ धावा केल्या. त्याच सामन्यात सचिन तेंडुलकर तिसऱ्या पंचाने टीव्हीवर पाहून बाद दिलेला पहिला फलंदाज ठरला. डर्बनच्या किंग्जमीड मैदानावरील प्रेक्षकांत त्या दिवशी चौथ्या पिढीचे भारतीय वंशाचे लोक होते. ज्या देशाने त्यांना बरोबरीने खेळू दिले नव्हते तो देश एकीकडे आणि पणजोबांचा देश दुसरीकडे. त्यांच्यातल्या कुणी कुणासाठी टाळ्या वाजवल्या असतील, हा बापलेकांनी जेवताना बोलण्याजोगा विषय आहे. पुढे त्याच डर्बनच्या हाशिम आमलाने २०१२ मध्ये ओव्हलवर नाबाद ३११ धावा केल्या, कसोटीत दक्षिण आफ्रिकेचे पहिले त्रिशतक. आणि आज त्याच शहराचा केशव महाराज त्यांच्याकडून डावखुरी फिरकी टाकतो. मुलाला जर्सी घेऊन द्या. भारताच्या सामन्याला त्याने कोणता घालायचा, हे त्याच्यावर सोपवा, आणि यजमानांना सांगा की, बापाला चिडवता येणे हा खेळ पाहण्यातला अर्धा आनंद असतो. तो त्याच्याकडून हिरावून घेऊ नये.

क्रिकेटचा सामना पाहायला सेंच्युरियनला जावे, असे मी म्हणेन. तिथे हिरवळीच्या उतारावर चटई टाकून बसता येते, मुले मागे स्वतःचा सामना मांडतात आणि शेजारचे कुटुंब आपला डबा पुढे करते. उन्हाळ्यात दुपारनंतर हायवेल्डवर, म्हणजे तिथल्या पठारावर, विजांसह वादळ येते, तेव्हा छत्री आणि टोपी दोन्ही हवे. जानेवारीच्या आसपास होणारी एसए-२० स्पर्धा सर्वांत सोपी वाट आहे, कारण तिचे सहाही संघ आयपीएलच्याच मालकांचे आहेत आणि जोहान्सबर्गच्या वाँडरर्स मैदानावर पिवळे शर्ट पाहून यजमानांना चेन्नईत असल्यासारखे वाटेल. पण म्हणूनच ती सर्वांत कमी स्थानिक आहे. तिथे थांबू नये.

फुटबॉल हा तिथल्या बहुसंख्यांचा खेळ. कायझर चीफ्स विरुद्ध ऑरलँडो पायरेट्स, म्हणजे सोवेटो डर्बी. पायरेट्सची स्थापना १९३७ ची. त्यांच्याच कायझर मोटाउंग या खेळाडूने १९७० मध्ये वेगळी चूल मांडली आणि ते भांडण अजून मिटलेले नाही. सामना एफएनबी स्टेडियमवर असतो. सुटकेनंतर दोनच दिवसांनी, फेब्रुवारी १९९० मध्ये, मंडेलांची सभा त्याच जागी झाली होती आणि २०१० च्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तिथलाच; नव्या बांधणीनंतर त्यात सुमारे ९४,००० माणसे बसतात. खाणकामगारांचे प्लास्टिकचे हेल्मेट कापून, त्याचे पत्रे वर उलगडून, त्यावर खेळाडूंची चित्रे रंगवलेली ‘मकारापा’ नावाची शिरस्त्राणे घालून लोक येतात. आपल्या पुढच्या रांगेत एखादी आली तर अर्धे मैदान दिसत नाही आणि तक्रार केली तर मालक ती काढून तुमच्याच डोक्यावर ठेवतो. तरीही पहिला सामना डर्बीचा नसावा. ११ एप्रिल २००१ रोजी एलिस पार्कवर याच दोन संघांच्या सामन्याला क्षमतेबाहेर गर्दी होऊन ४३ माणसे चेंगरून मेली. त्यानंतर व्यवस्था सुधारली आहे, पण लहान मुलासह पहिल्यांदा जाणाऱ्याने साधा साखळी सामना निवडावा. तो दुपारचा असावा, तिकीट आधी ऑनलाइन काढलेले असावे आणि सामना सुरू होण्याच्या तासभर आधी आसनावर बसलेले असावे. तिकीट मॉलमधल्या एका जेवणापेक्षा स्वस्त पडते. कार्यालयातील एखाद्या सहकाऱ्याला ‘मला घेऊन चल’ म्हणून यजमानांनी विचारले, तर नकार येणार नाही, याची मला खात्री आहे. त्या शहरात हा प्रश्न विचारणारे परदेशी सहकारी फार थोडे असतात. एक तयारी सगळ्या खेळांसाठी उपयोगी पडेल. राष्ट्रगीत पाच भाषांत आहे, त्याचे पहिले कडवे तिघांनी पाठ करा. मुलाला ते शाळेतून येतच असेल, तेव्हा शिकवणी तोच घेईल.

जोहान्सबर्गबाहेरच्या वाचकांसाठीही थोडे सांगते. बोत्स्वानातील गाबोरोनमध्ये मारू-आ-पुला शाळेच्या आवारात मैतिसोंग हे नाट्यगृह आहे. झिम्बाब्वेतील हरारेत रेप्स ही हौशी मंडळींची जुनी संस्था असून तिथे केवळ प्रेक्षक म्हणूनच जायला हवे असे नाही. केप टाउनला सुटीत गेलात, तर टेबल माउंटनवर जाणारी केबल कार वाऱ्यामुळे बंद राहण्याची शक्यता बरीच असते. ती संध्याकाळ विद्यापीठाच्या बॅक्स्टर थिएटरला द्यावी.

मंडळाबद्दल तुम्ही विचारले आहे. गणपतीतल्या नाटकाची तालीम सोडू नका. तिथे माणसे पुरत नाहीत, ही तक्रार रास्त आहे आणि तुमच्यासारखी जाणती बाई बाजूला झाली तर नाटक खरोखरच पडेल. मात्र महिन्यातून एक रविवार दुपार स्वतःची ठेवा आणि तसे आधी सांगून टाका. न सांगता गैरहजर राहिलात तरच तो रुसव्याचा विषय होईल. मंडळाची ‘सांस्कृतिक सहल’ काढून पन्नास जणांना एकदम नेण्याच्या भानगडीत पडू नका, कारण त्यात बसची वेळ आणि वडापाव यांचीच चर्चा जास्त होते. ज्या दोघीतिघींना खरेच यायचे आहे, त्यांना घेऊन एकाच नाट्यगृहात पुन्हा पुन्हा जा. दहा ठिकाणी एकेकदा गेल्याने तुम्ही पर्यटकच राहाल. एकाच दारातून वर्षभर आत गेलात की तिकीटखिडकीवरचा माणूस पुढच्या महिन्याचे नाटक आपणहून सांगू लागेल आणि नटांची नावे तुम्हाला जाहिरात न पाहता कळतील. यजमान आले तर उत्तमच. नाही आले, तर त्यांना त्या दुपारी मुलाला घेऊन मैदानावर जाऊ द्या.

राहता राहिला मखांडा येथील राष्ट्रीय कला महोत्सव. पूर्वीच्या ग्रॅहम्सटाउनमध्ये १९७४ पासून तो जूनच्या अखेरीस आणि जुलैत भरतो. एरवी निवांत असणाऱ्या त्या गावात तेव्हा शाळेच्या सभागृहांपासून चर्चच्या खोल्यांपर्यंत जागा मिळेल तिथे नाटक चाललेले असते आणि एका दिवसात तीनचार प्रयोग सहज पाहून होतात. तुमच्यासाठी ती पर्वणी आहे, पण या वर्षी जाऊ नका. वर्षभर जोहान्सबर्गमध्ये नाटके पाहून, कोणता दिग्दर्शक आपल्याला रुचतो हे कळल्यावर, पुढच्या वर्षी जा. नाहीतर शेकडो नावांच्या त्या कार्यक्रमपत्रिकेतून काय निवडावे, हेच कळणार नाही. विमानाने गबेर्हाला, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट एलिझाबेथला उतरून पुढे सुमारे १३० किलोमीटर मोटारीने जावे लागते. गाव लहान असल्याने राहायची खोली महोत्सवाच्या तारखा जाहीर होताच धरून ठेवावी, आणि ती धरताना खोलीत हीटर आहे का, हे विचारून घ्यावे, कारण तिथे त्या दिवसांत रात्री चांगलीच थंडी पडते.